पुणे–हेदवी–गोवा सायकलने : घाट कधी उघडे, जेटी कधी चालू? सप्टेंबर धरू की नोव्हेंबर?

कोथरूडचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलंय, तरी कृपया पूर्ण वाचा.

मी आणि माझा आतेभाऊ पुण्याहून सायकलने कोकणात उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं म्हणतोय. माझं आजोळ हेदवी, गुहागर तालुक्यात. आजी अजून तिथेच असते, ८४ वर्षांची आहे. लहानपणी दर मे महिन्यात एसटीने जायचो, कुंभार्ली घाट उतरताना खिडकीला नाक लावून बसायचो, तेव्हापासून डोक्यात आहे की आजीच्या अंगणात एकदा सायकलने जाऊन उतरायचं. आता ऑफिसातून सलग ९ दिवस मिळतायत (दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून) आणि आजीचं वय बघता हे पुढच्या वर्षावर ढकलायचं नाहीये.

अनुभव म्हणाल तर पुणे-महाबळेश्वर, पुणे-अलिबाग आणि २०० किमीची एक बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड). माझी हायब्रिड आहे, साधे रिम ब्रेक, भावाची एमटीबी डिस्कवाली. सामान कॅरियरला दोन बाजूला दोन बॅगा.

दोन पर्याय आहेत. एक म्हणजे गणपती झाले की लगेच, सप्टेंबरच्या शेवटी, कारण तेव्हा हिरवंगार असतं, धबधबे असतात, ऊन कमी. दुसरा दिवाळीनंतर नोव्हेंबरात. मन सप्टेंबरकडे ओढतंय. भोरवरून वरंधा उतरून महाड आणि तिथून पुढे असा रस्ता काढलाय, मॅपवर तो व्यवस्थित उघडा दिसतोय, पण एक मित्र म्हणतो पावसाळ्यात वरंधा बंद ठेवतात. मग खरं काय समजायचं आणि विचारायचं कुणाला? शिवाय दाभोळ, जयगड वगैरे खाड्यांवरच्या जेट्या (म्हणजे फेरीबोटी) सप्टेंबरात चालू असतात का? आणि मुंबई-गोवा हायवेने गेलं तर सोपं पडेल का?

घाटवाटा

तुम्ही तारीख आधी ठरवताय आणि घाट नंतर शोधताय, ते उलटं करा. कोकणच्या ट्रिपमध्ये किमी मोजून काही होत नाही. उतरायचा घाट कुठला आणि ओलांडायच्या खाड्या किती, हे दोन धरले की महिना आपोआप ठरतो.

मित्र बरोबर सांगतोय. वरंधा गेली काही वर्षं पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवतात, कधी फक्त अवजड वाहनांना, कधी रेड-ऑरेंज अलर्ट असेल तेव्हा सगळ्यांनाच, आदेश काढतात, मुदत वाढवतात, परत सुधारतात. त्यामुळे "बंद आहे का" याचं उत्तर महिन्याला एक नसतं, आठवड्याला एक असतं. मॅपवर विसंबू नका, त्याला गाड्या हलताना दिसल्या नाहीत तरच कळतं, आणि वरंध्यात मुळात गाड्याच कमी.

दुसरं म्हणजे सप्टेंबरचा शेवट म्हणजे पावसाळा संपला असं पुण्यात वाटतं, कोकणात तो संपलेला नसतो. हवामान खात्याच्या सरासरी तारखा बघा, मान्सून राजस्थानातून माघारी फिरायला सुरुवातच १७ सप्टेंबरच्या सुमाराला करतो आणि मुंबईतून निघतो ८ ऑक्टोबरच्या आसपास. दक्षिण कोकण त्याच्याही नंतर. आणि या झाल्या सरासऱ्या. २०२५ ला तो मुंबईत ११ जूनच्या ऐवजी २६ मे ला येऊन उभा राहिला होता, तेव्हा १० जूनपर्यंत कोरडं मिळेल म्हणून मे अखेरची तिकिटं काढलेल्यांचं काय झालं असेल विचार करा.

आता घाट. तुमच्यासाठी ताम्हिणी सगळ्यात बरा. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, शंभरेक किमी, पुण्याच्या बाजूने चढ अंगावर येत नाही, धरणाच्या कडेकडेने जातो आणि मग विळ्याकडे एकदम उतार. पण तिथे पाऊसही तसाच, २०२४ च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिमीच्या वर पडला होता. आणि पावसाळी शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची जी रांग लागते त्यात सायकल घालूच नका, शुक्रवारी निघा. आंबेनळी (महाबळेश्वर-पोलादपूर) दिसायला सुंदर आहे, पण २०२१ च्या जुलैत त्याची काय अवस्था झाली ते आठवा, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी, रस्त्याचे तुकडेच्या तुकडे खाली गेले. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. हे सगळं तुमच्या आखलेल्या रस्त्याच्या आजूबाजूलाच आहे म्हणून सांगतोय. कुंभार्ली त्या मानाने भरवशाचा, कराड-चिपळूण मुख्य वाहतूक त्यावर असल्याने दरड आली तरी लवकर मोकळा करतात, पण पुण्याहून कराडपर्यंत हायवे तुडवावा लागेल आणि घाटात ट्रक असतात. खाली गगनबावड्याला करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत काँक्रिटीकरणासाठी बंद केला तो वर्षभराहून जास्त बंदच राहिला. म्हणजे भर उन्हाळ्यातही घाट बंद असू शकतो, कामासाठी. हिवाळा आहे म्हणजे सगळं उघडं, असं धरू नका.

आता मनातलं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बॅरिकेडच्या बाजूने सायकल काढून एका बंद घाटात शिरलोय. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, लख्ख ऊन होतं, मला वाटलं बंदी गाड्यांसाठी, रस्ता खचलाय म्हणून, सायकलला काय लागतं, हातभर जागा पुरे. एका वळणावर पाणी प्यायला थांबलो तर वरून बारीक खडे यायला लागले, आधी चार-पाच, मग मूठभर, टपटप आवाज करत डांबरावर उड्या मारत. मी सायकल उचलून पळालो आणि मागे जिथे उभा होतो तिथे माती, दगड आणि एक अख्खं झाड येऊन बसलं. रस्ता अरुंद झाला म्हणून घाट बंद करत नाहीत, डोंगर पाणी पिऊन फुगलेला असतो म्हणून करतात, आणि तो पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनीही सुटतो. जिथे रुंदीकरणासाठी नुकता उभा डोंगर कापलाय तिथे तर जास्तच. सायकल हलकी आहे याचा वरच्या दगडाला काही फरक पडत नाही. बॅरिकेड दिसलं की मागे फिरायचं, हे आत्ताच दोघांनी ठरवून ठेवा, तिथे गेल्यावर चर्चा नको.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. घाटवाटांनी घाटांचं सांगितलं, मी खालचं सांगतो.

घाट उघडा आहे का हे विचारायला सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे एसटी स्टँड. भोर, महाड, माणगाव, चिपळूण, गुहागर, कुठल्याही स्टँडवर वाहतूक नियंत्रकाला विचारायचं, "आज सकाळची गाडी घाटातनं गेली का?" गेली असेल तर रस्ता आहे, गाडी फिरवून नेली असेल तर नाही. पेपरात बातमी उद्या येते, एसटीला आज कळलेलं असतं. आमच्याकडे सगळी माणसं असंच करतात. आदल्या संध्याकाळी एकदा आणि निघायच्या आधी सकाळी एकदा.

अलर्टचं पण नीट समजून घ्या. हवामान खातं "जोरदार पाऊस" म्हणतं तेव्हा २४ तासांत ६४.५ मिमी ते ११५.५ मिमी, "अति जोरदार" म्हणजे २०४.४ पर्यंत, त्याच्यावर "अत्यंत जोरदार". पुण्यात ६५ मिमी झाला की रस्ते तुंबतात, कोकणात जुलैत तेवढा कित्येकदा येता जाता पडतो. म्हणून यलोला घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण ऑरेंज आला की त्या दिवशी घाटात आणि नदीकाठच्या सखल रस्त्यावर असायचं नाही. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, ती म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची भरती. वरनं पाऊस आणि खालनं उधाण एकाच वेळी आलं की खाडीचं पाणी नदीला आत घेत नाही आणि पाणी गावात पसरतं. आमच्या वाशिष्ठीचं दुखणं तेच आहे. तेव्हा दिनदर्शिकेत तिथी बघायची सवय लावा.

जेट्यांचं. हरिहरेश्वर करून बाणकोट खाडी ओलांडायला बागमांडला-वेश्वी, मग वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे, मग शास्त्रीवर तवसाळ-जयगड, या तीन तुम्हाला लागणार. सायकल सगळीकडे घेतात. पावसाळ्यातही सहसा चालतात, पण वारा वाढला किंवा बंदरावर धोक्याचा बावटा लागला की बंद, आणि एक जेटी बंद म्हणजे खाडीला वळसा घालून आत पुलापर्यंत जाऊन परत किनाऱ्याला यायचं, तुमचा एक अख्खा दिवस गेला. म्हणून दिवसाचा हिशोब असा ठेवा की जेटीवर दुपारच्या आत पोचाल, शेवटच्या फेरीच्या आशेवर चढ मारत येऊ नका. दाभोळला उतारावर शेवाळ असतं, क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट घालून सायकल ढकलत उतरलात तर पाय सटकणारच. चपला बॅगेत वरच हाताशी ठेवा आणि तिथे त्या घाला, आणि सायकलच्या खालच्या बाजूला न राहता वरच्या बाजूला राहून ब्रेक दाबत उतरवा.

मुंबईकडून कोणी येणार असेल तर गेटवे-मांडव्याच्या लाँच पावसाळाभर बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट असते, तीही समुद्र बघून.

हायवेचं विचाराल तर माझं स्पष्ट मत, नको. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, काही पट्टे मस्त झालेत, मधेच डायव्हर्जन, मधेच उचकटलेली खडी, आणि गाड्या नव्या काँक्रीटवर जे सुटतात ते समोर अचानक कच्चं आलं की आवरत नाहीत. परशुराम घाट २०२२ ला कामासाठी दिवसातले काही तास बंदच ठेवायचे. कशेडीच्या बोगद्यातून सायकल न्यायचा विचारही करू नका.

सागरी रस्ता चांगला, पण त्याला सपाट समजू नका. समुद्राकाठचा म्हणून लोक फसतात. आमच्याकडे रस्ता खाडीला उतरतो, मग सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढतो, परत खाडीला उतरतो, असं दिवसभर. चढ दीडशे-दोनशे मीटरचाच, पण खडा, आणि दिवसात पाच-सहा वेळा. तुमच्या पुणे-महाबळेश्वरच्या सरासरीने हिशोब केलात तर संध्याकाळी कुठल्यातरी सड्यावर अंधारात असाल. सामानासकट ६०-७० किमी भरपूर झाले. मागची कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरच्या चकत्या) ३४ दातांची तरी करून घ्या.

आणि हेदवीला येताय म्हणजे आमच्याच भागात येताय, काही लागलं तर इथे लिहा.

कोथरूडचा_सायकलवाला

दोघांचे मनापासून आभार, हे एवढं कुठेच एका जागी मिळालं नव्हतं. एसटी स्टँडचं डोक्यातच आलं नव्हतं.

पण खरं सांगू का, सप्टेंबर सोडवत नाहीये. हिरवं कोकण मी मोठा झाल्यापासून बघितलंच नाहीये, नेहमी मे आणि डिसेंबर. सप्टेंबर अखेरीस सायकलने कोणी प्रत्यक्ष केलंय का? ताम्हिणी धरून? पाऊस असला तरी भिजत जाऊ, त्याचं काही नाही. नक्की काय काय त्रास होतो ते कोणी सांगेल का?

करवीरची_राणी

मी केलंय दादा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि तिथून खाली देवगड-मालवण, आम्ही तिघी होतो. सुंदर होतं हे आधी सांगते. सड्यावर ते बारकं जांभळं-पिवळं फुलांचं गालिचं, भात पोटरीला आलेलं, आणि रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नाही. पण तुम्हाला हो म्हणायला जीभ रेटत नाही, कारण दोन.

पहिलं ब्रेक. माझी पण रिम ब्रेकचीच होती. आंबा घाट उतरताना वरनं रिपरिप आणि रस्त्यावरनं लाल मातीचं पाणी वाहत होतं. ते पाणी रिमला लागतं, त्यात बारीक वाळू असते, आणि ब्रेक दाबला की पॉलिश पेपरने घासावं तसं रबर जातं. खर्र खर्र आवाज यायला लागला, मला वाटलं कचरा अडकलाय, थांबून बघितलं तर रिमवर काळा-करडा लेप आणि ब्रेक शू मधला खाचा पार दिसेनासा झालेला. नवीन घालून निघालेले हो मी कोल्हापुरातनं! साखरप्यापर्यंत एका हाताने मागचा ब्रेक धरून आणि एक पाय खाली सोडत उतरले. जवळ दुसरी जोडी नव्हती, रत्नागिरीत मिळाली. तेव्हा पावसात उतरणार असाल तर ब्रेक शूच्या दोन जोड्या जवळ, आणि दर चार-पाच किमीला थांबून बाटलीतल्या पाण्याने रिम धुवायची. भावाच्या डिस्कचं सुद्धा पॅड जातं, डिस्क आहे म्हणून निवांत राहू नका. चेनला पावसात टिकणारं ओलं लूब, आणि रोज रात्री गोड्या पाण्याने धुऊन पुसून परत लावायचं. आम्ही एक रात्र कंटाळा केला तर सकाळी चेन तांबडी.

दुसरं कारण जास्त मोठं. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य हा परतीचा पाऊस, तो जुलैसारखा दिवसभर पडत नाही. सकाळी कडक ऊन, अंगाची काहिली, आणि दुपारी तीन-चारला पूर्वेकडनं, सह्याद्रीकडनं काळंकुट्ट आभाळ चढतं आणि कडाड विजा. आम्ही आडिवऱ्याच्या पुढे सड्यावर होतो. सडा म्हणजे काय असतो माहीत असेल तुम्हाला, नुसता कातळ, लांबपर्यंत एक झाड नाही, घर नाही, त्या सगळ्या पटांगणात सगळ्यात उंच काय तर आम्ही तिघी आणि आमच्या सायकली. माझ्या मैत्रिणीच्या हातावरचे केस उभे राहिले, मला दाखवते आहे तोवर समोर पडली. किती लांब माहीत नाही, पण उजेड आणि आवाज एकदमच आला. आम्ही सायकली रस्त्यावर आडव्या टाकून दिल्या आणि रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या खाणीच्या खड्ड्याशी, उकिडव्या, एकमेकींपासून लांब लांब बसलो, पाऊण तास. खड्ड्यात पाणी भरत होतं आणि वर यायची हिंमत नव्हती.

भिजायचं काही नाही म्हणता ना, मलाही तसंच वाटायचं. भिजण्याचं खरंच काही नाही. पण त्या पाऊण तासानंतर मी परतीच्या पावसात कोकणात दुपारी सायकल चालवत नाही. जायचंच असेल तर पहाटे साडेपाचला निघा, दोनच्या आत मुक्कामी पोचा, सड्यावर दुपारनंतर थांबायचं नाही. म्हणजे दिवसाला ५० किमी. तुमच्या ९ दिवसांत गोवा बसत नाही.

पावसातला_गडी

माझं मत जरा वेगळं आहे. मी ऑगस्टमध्ये तीनदा गेलोय आणि दर वेळी परत जावंसं वाटलंय. पावसाळ्यात कोकण करायचंच नाही असं सांगून लोकांना घाबरवू नये. फक्त घाट सायकलने उतरायचाच नाही, सायकल कोकण रेल्वेने किंवा बसने खाली न्यायची, चिपळूण नाहीतर कुडाळ एका जागी तळ ठोकायचा आणि रोज ४०-५० किमीचे फेरे मारायचे. पाऊस जास्त असला तर त्या दिवशी माजघरात बसून भाकरी-पिठलं खायचं. शिवाय नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा निवतो. ज्याला हिरवं कोकण बघायचंय त्याने असं बघावं. वाऱ्याचं मात्र ध्यानात ठेवा, पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून, म्हणजे तुम्ही गोव्याकडे जाताना तो तोंडावर येणार.

घाटवाटा

@पावसातला_गडी, तुमचं पटलं, पूर्ण पटलं. एका जागी राहून फिरणं आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं यातला फरक तुम्ही नेमका पकडलात. तळ ठोकला की पावसाचा एक दिवस म्हणजे विश्रांती, सलग ट्रिपमध्ये पावसाचा एक दिवस म्हणजे पुढचं सगळं बुकिंग आणि परतीचं तिकीट कोसळतं.

कोथरूडकर, तुम्हाला सुचवतो की दोन वेगळ्या गोष्टी करा. सप्टेंबरात दोन-तीन दिवस एसटीने हेदवीला जा, सायकल टपावर नाहीतर मागे टाकून, आणि आजीकडे राहून वेळणेश्वर, नरवण, गुहागर असे फेरे मारा. हिरवं कोकण बघून होईल. आणि पुणे-गोवा नोव्हेंबरात.

नोव्हेंबरचा आणखी एक फायदा वाऱ्याचा. शाळेत मतलई वारे-खारे वारे शिकलो ते तिथे अंगाला लागतात. सकाळी जमिनीकडून गार मतलई, साधारण अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा, आणि आपल्या किनाऱ्यावर तो वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर. दुपारी जेवणानंतर पाय जड झालेले असताना मागनं कोणीतरी हात लावल्यासारखं वाटतं. उलट, गोव्याहून वर येणाऱ्यांचे दुपारनंतर हाल. म्हणून दिशा पुण्याहून गोव्याकडे हीच ठेवा.

तारखेचं म्हणाल तर दिवाळीचा आठवडा आणि त्याला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा, श्रीवर्धन-हरिहरेश्वर-गणपतीपुळ्याला खोली मिळणार नाही आणि अरुंद रस्त्यावर गाड्याच गाड्या. त्याच्यानंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या. ऑक्टोबर नकोच, विजा नसल्या तरी ऑक्टोबर हिट आणि दमट हवा, घाम वाळतच नाही. आणि दिवस लहान असतो हे विसरू नका, नोव्हेंबरात सव्वासहाला अंधार पडायला लागतो, आरे-वारेच्या चढावर उजेड असताना असा.

पेडण्याहून

गोव्याच्या टोकावरून लिहितोय. शिरोडा, रेडी करून तेरेखोलला याल, किल्ल्याच्या खालून फेरी आहे केरीला, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. त्या फेरीवर सायकल घेऊन उभं राहिलात की गोवा लागला समजा, मला तो पूर्ण किनाऱ्यावरचा सगळ्यात आवडता तुकडा वाटतो, संध्याकाळच्या आधी या.

पण नोव्हेंबर म्हणजे निर्धोक असं जे सगळे म्हणतायत त्यात एक भर घालतो. आपल्या अरबी समुद्रात वादळं बहुतेक मान्सूनच्या आधी आणि नंतर होतात, भर पावसाळ्यात क्वचितच. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, क्यार २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस देवगड-मालवणच्या समोरून गेलं. मे-जूनची बाजू बघितली तर तौक्ते मे २०२१, आणि निसर्ग ३ जून २०२० ला थेट श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात चढलं, त्या वाड्यांतल्या सुपाऱ्या अजून पूर्ण उभ्या राहिलेल्या नाहीत. म्हणजे नोव्हेंबरात सुद्धा निघण्याच्या आठ दिवस आधीपासून समुद्राचा अंदाज बघत राहा. दक्षिण-पूर्व अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, एवढे शब्द दिसले की एकदम सावध. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं असेल तर तुमच्या जेट्याही बंद होणार हे धरून चाला. बंदरावर होड्या एकमेकींना बांधून ओढलेल्या दिसल्या तर फोरकास्ट बघायची पण गरज नाही, एक दिवस तिथेच मुक्काम करा.

आणि ९ दिवसांत ९ दिवस चालवायचा प्लॅन कधीही करू नका. एक दिवस रिकामा हवाच. परतायला पेडणे, थिवी, मडगाव स्टेशनं आहेत, सायकल पार्सलला लावायची तर मडगावला आदल्या दिवशी चौकशी करून या, गाडीच्या वेळेला धावत गेलात तर होत नाही. नाहीतर रात्रीची पुण्याची बस, पुढचं चाक काढून डिकीत, पण आधी फोनवर नक्की करून घ्या आणि डिरेलरच्या (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बाजूला कपड्याची बॅग ठेवा.

कोथरूडचा_सायकलवाला

काल रात्री भावाबरोबर बसून सगळं परत मांडलं. सप्टेंबर रद्द. करवीरच्या ताई, तुमचं वाचून भाऊ गप्पच झाला, त्याने तर सरळ सांगितलं की परतीच्या पावसात मी येत नाही.

आता असं ठरतंय. दिवाळी झाल्यावर दहा-बारा दिवसांनी, शनिवारी पहाटे निघून ताम्हिणीतून माणगाव. दुसऱ्या दिवशी म्हसळा-श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर. तिसरा बागमांडला जेटी, वेश्वी, केळशी, आंजर्ले करून मुरूड (दापोलीचं). चौथा दाभोळ, जेटी, गुहागर, हेदवी. पाचवा दिवस आजीकडे, तोच रिकामा दिवस, म्हणजे आधी कुठे जेटी अडली किंवा काही झालं तर तो खायचा, नाहीतर तिच्याकडे पूर्ण राहायचं. सहावा तवसाळ-जयगड, रत्नागिरी. सातवा नाटे. आठवा देवगडच्या खाली कुणकेश्वर. नववा मालवण करून कुडाळ आणि रात्रीची गाडी. म्हणजे गोवा यात येत नाही हे कळतंय. ऑफिसात आणखी दोन दिवस मागतोय, मिळाले तर वेंगुर्ला आणि तेरेखोल, नाही मिळाले तर कुडाळहून परत. आधी वाईट वाटलं, पण मला मुळात हेदवीलाच सायकलने जायचं होतं, गोवा त्याला नंतर जोडला होता.

ब्रेक शूच्या दोन जोड्या घेतल्या, कॅसेट बदलायला टाकलीय. सप्टेंबरात गणपती झाल्यावर एसटीने दोन दिवस आजीकडे जाऊन येतोय, घाटवाटांनी सांगितलं तसं.

एकच राहिलं, ताम्हिणीत तेव्हा काही काम निघून बंद असेल तर ऐनवेळी कुठून उतरू? वरंधा?

वाशिष्ठीकाठ

हो, नोव्हेंबरात ताम्हिणी अडला तर वरंधा चालेल, पण भोर स्टँडवर महाडची गाडी गेली का ते विचारूनच. मग माणगावच्या ऐवजी पहिला मुक्काम महाड होईल, दुसऱ्या दिवशी आंबेत-म्हसळा करून हरिहरेश्वरला याल, पुढचं सगळं तेच राहील. वरंध्यात रस्ता अरुंद आहे आणि धरणाच्या बाजूने पावसाळ्यानंतर कडा खाल्लेल्या असतात, मधोमध राहा आणि वळणावर घंटी वाजवा.

चौथ्या दिवशी धोपाव्याला उतरलात की आजीला फोन करा, तिथून पुढे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर करत सामानासकट चार तास धरा, शेवटचा चढ वेळणेश्वर सोडल्यावर आहे. उशिराची वेळ सांगा, म्हणजे ती उन्हात अंगणात येऊन उभी राहणार नाही.